दिसायला सख्खे, अर्थाला पारखे

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलास सर्वांत मोठी भीति कोणत्या शब्दांची वाटते, असें विचारलें तर लांबलचक शब्दांची, असेंच उत्तर बहुधा येईल. आमचा इतक्या वर्षांचा अध्यापनाचा अनुभव मात्र निराळा आहे. लांब शब्द अपरिचित असतो. म्हणून मूल तेथें थांबतें, कोश उघडतें, घरांतील वडील माणसास विचारतें. खरा धोका आहे तो आखूड, परिचित आणि एकमेकांसारख्या दिसणाऱ्या शब्दांचा. त्यांच्याशीं आपली ओळख आहे अशी समजूत असल्यामुळें तेथें कोणीच थांबत नाहीं. अनोळखी माणसास आपण दारांतच नांव विचारतों. जुळ्या भावांपैकीं एकास मात्र दुसरा समजून खुशाल माजघरांत नेऊन बसवितों. या महिन्यांत अशा जुळ्यांचा विचार करावयाचा आमचा मानस आहे.

हा प्रकार इंग्रजीपुरताच आहे, असें कोणीं समजूं नये. व्याकरण कां शिकावें, हें मुलास पटवितांना आमच्या पूर्वजांनीं नेमका हाच दाखला दिलेला आहे. 'स' च्या जागीं 'श' पडला कीं स्वजनाचा श्वजन, म्हणजे आप्ताचा कुत्रा होतो. जें सकल, म्हणजे पूर्ण, त्याचें शकल, म्हणजे तुकडा होतो. आणि सकृत् म्हणजे 'एकदां', त्याचें शकृत् होऊन हातीं शेण येतें. मराठींतही दिन आणि दीन, शिर आणि शीर, पाणि आणि पाणी, सुत आणि सूत यांतील भेद केवळ ऱ्हस्वदीर्घावर उभा आहे.

आणि आम्हां नंदुरबारकरांस तर हें निराळें सांगावयास नको. १ जुलै १९९८ रोजीं धुळे जिल्ह्यांतून वेगळा झालेला हा जिल्हा म्हणजे भाषांचें एक संमेलनच आहे. बाजारांत अहिराणी ऐकूं येते, सातपुड्याच्या डोंगरांत भिली आणि पावरी, नवापुराकडे मावची, पेढ्यांवर गुजराती, कचेरींत मराठी. नवापूरच्या रेल्वे स्टेशनांतून तर महाराष्ट्र व गुजरात यांची सीमा जाते. तेथील एकाच बांकावर बसलेल्या दोन उतारूंपैकीं एक या राज्यांत व दुसरा त्या राज्यांत असूं शकतो. त्या बांकावरच्या गुजराती गृहस्थानें आपण 'नवरो' आहों असें सांगितलें, तर मराठी शेजाऱ्यानें त्याच्या लग्नाची चौकशी करूं नये. गुजरातींत 'नवरो' म्हणजे रिकामा, ज्याच्या हातीं कांहीं काम नाहीं असा. (हा अर्थ आमच्या कांहीं भगिनींस मराठींतही चालण्यासारखा वाटला, तर त्यास आम्ही जबाबदार नाहीं.) हिंदींतील 'शिक्षा' म्हणजे विद्यादान; तीच मराठींत येतांच हातीं छडी घेते. हिंदींतील 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. मराठींत ती थट्टा होते. जे लोक रोज अशा सीमेवरून ये-जा करितात, त्यांस इंग्रजीच्या जुळ्यांचें भय वाटण्याचें कारण नाहीं. फक्त प्रत्येकास त्याचें कुल आणि गोत्र विचारण्याची संवय लागली पाहिजे.

आतां स्टेशनचा उल्लेख झालाच आहे, तर तेथूनच आरंभ करूं. लॅटिन भाषेंत 'स्तारे' म्हणजे उभें राहणें. आपल्या 'स्था' धातूचा हा चुलतभाऊ. त्या कुळांतील 'स्टेशन' म्हणजे उभें राहण्याची जागा, स्थान. त्याच्या पुढें दोन शब्द आहेत. एक 'स्टेशनरी' म्हणजे स्थिर, न हलणारा. आणि दुसरी 'स्टेशनरी' म्हणजे कागद, लेखण्या, लिफाफे इत्यादि लेखनसाहित्य. देवनागरींत लिहितांना दोहोंत कांहींच भेद उरत नाहीं, आणि उच्चारांतही तो नाहीं. इंग्रजी लेखनांत मात्र पहिल्याच्या शेवटाजवळ 'ए' आणि दुसऱ्याच्या त्याच जागीं 'ई' हें अक्षर येतें. उभें राहणें आणि कागद यांचा संबंध काय, असें कोणी विचारील. मध्ययुगीन यूरोपांत फिरून माल विकणारे फेरीवाले पुष्कळ होते. विद्यापीठांच्या आसपास ग्रंथ विकणारे मात्र एका जागीं दुकान मांडून बसत. म्हणून त्यांस 'स्टेशनर', म्हणजे ठाण मांडून बसलेला दुकानदार, हें नांव पडलें. आणि त्याच्या दुकानांतील माल ती 'स्टेशनरी'. मुलांस खूण सांगावयाची तर एवढीच, कीं 'पेपर' या शब्दाच्या शेवटीं जीं 'ई' आणि 'आर' हीं अक्षरें आहेत, तींच कागदाच्या स्टेशनरींतही आहेत.

दुसरें जुळें 'प्रिन्सिपल'. एकाच्या शेवटीं 'ए-एल' आणि दुसऱ्याच्या शेवटीं 'एल-ई', उच्चार एकच. दोहोंचेंही मूळ लॅटिनांतील अशा शब्दांत आहे कीं ज्याचा भाव 'पहिलें स्थान घेणारा' असा आहे. पहिलें स्थान माणसानें घेतलें म्हणजे तो शाळेचा किंवा महाविद्यालयाचा मुख्य झाला. पैशानें घेतलें म्हणजे व्याजाच्या आधींची रक्कम, अर्थात् मुद्दल झालें. हे दोन्ही अर्थ 'ए-एल' वाल्याचे. विचारानें पहिलें स्थान घेतलें म्हणजे तें तत्त्व झालें. तो अर्थ 'एल-ई' वाल्याचा. पतपेढीच्या कागदावर 'प्रिन्सिपल आउटस्टँडिंग' असें दिसलें, तर आमचे मुख्याध्यापक मोठे नामांकित आहेत असा त्याचा अर्थ नव्हे; मुद्दल अजून फिटावयाचें आहे, असा त्याचा अर्थ. तत्त्वें आणि मुद्दल या दोहोंचा घरांत हिशेब असावा, पण एकाच वहींत नसावा!

तिसरें जुळें विद्यार्थ्यांच्या अगदीं जिव्हाळ्याचें आहे : 'एलिजिबल' आणि 'इलेजिबल'. पहिल्याचा अर्थ पात्र, दुसऱ्याचा अर्थ वाचतां न येणारें. गंमत अशी कीं दोघांचा धातु एकच. लॅटिन 'लेगेरे' म्हणजे वेंचणें. आणि वाचणें म्हणजे तरी अक्षरें वेंचणेंच, म्हणून त्याच धातूस वाचण्याचाही अर्थ आला. निवडून काढण्याजोगा तो 'एलिजिबल'. ज्याचीं अक्षरें वेंचतां येत नाहींत तें 'इलेजिबल'. आमच्या मराठींतही वेंचणें आणि वाचणें हे शब्द कसे शेजारीं शेजारीं बसलेले आहेत! पण त्यांचे धातु निराळे. तेथील साम्य हा केवळ योगायोग. आतां या भेदाचा व्यवहार पाहा. शिष्यवृत्तीसाठीं पाठविलेला अर्ज 'इलेजिबल' असा शेरा घेऊन परत आला, तर मुलानें अक्षर सुधारून किंवा दाखल्याची स्पष्ट प्रत जोडून तो पुन्हां पाठवावा. पण तो 'इन्एलिजिबल', म्हणजे अपात्र, असा शेरा घेऊन आला, तर नियमच पुन्हां वाचले पाहिजेत. पहिला शेरा दुसऱ्यासारखा वाचून घरानें हाय खाल्ली आणि अर्ज कपाटांत ठेवून दिला, तर एका चांगल्या मुलाचें वर्ष केवळ दोन अक्षरांपायीं जाईल.

चौथें जुळें तर परस्परविरोधी आहे : 'प्रिस्क्राइब' आणि 'प्रोस्क्राइब'. दोहोंत लिहिण्याचा धातु एकच; भेद उपसर्गांत. 'प्री' म्हणजे आधीं. काय करावें तें आधीं लिहून देणें, तें 'प्रिस्क्राइब' करणें; वैद्य औषध लिहून देतो तें, किंवा अभ्यासक्रमासाठीं पुस्तक नेमतात तें. 'प्रो' हा आपल्या 'प्र' या उपसर्गाचा सोयरा. पुढें, सर्वांसमोर, असा त्याचा भाव. रोममध्यें इ. स. पूर्व ८२ च्या सुमारास सुल्ला नामक सत्ताधीशानें आपल्या शत्रूंचीं नांवें लिहून तो फलक चव्हाट्यावर लाविला. ज्याचें नांव फलकावर, त्याचे प्राण घेण्यास कोणासही मोकळीक, आणि त्याची मालमत्ता जप्त. त्या भयंकर फलकापासून 'प्रोस्क्राइब' म्हणजे बहिष्कृत करणें, बंदी घालणें, हा अर्थ रूढ झाला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें 'कीचकवध' हें नाटक इंग्रज सरकारनें १९१० सालीं 'प्रोस्क्राइब' केलें, हें महाराष्ट्रास ठाऊकच आहे. सारांश, एखादें पुस्तक 'प्रिस्क्राइब' झालें तर तें प्रत्येक दप्तरांत जातें; 'प्रोस्क्राइब' झालें तर प्रत्येक दप्तरांतून जप्त होतें.

कांहीं जुळ्यांच्या बाबतींत आमची मराठीच आम्हांस चकविते. 'हिस्टॉरिक' आणि 'हिस्टॉरिकल' या दोहोंसही आपण 'ऐतिहासिक' म्हणून मोकळे होतों. इतिहासाशीं ज्याचा संबंध आहे तें सर्व 'हिस्टॉरिकल'. हरि नारायण आपट्यांची 'उषःकाल' ही कादंबरी या अर्थानें ऐतिहासिक. पण ज्यानें इतिहासांत स्वतःची जागा केली तेंच 'हिस्टॉरिक'. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं नंदुरबारांत कोंवळ्या वयाच्या शिरीषकुमारानें आणि त्याच्या चार सोबत्यांनीं पोलिसांच्या गोळ्या अंगावर झेलून प्राण दिले. तो दिवस 'हिस्टॉरिक' होय. त्या दिवसाविषयींचें जुनें टिपण, वर्तमानपत्राचें कात्रण, हें 'हिस्टॉरिकल' साहित्य. दोहोंस एकच विशेषण लाविलें कीं बलिदान आणि कात्रण एका पंक्तीस बसतात.

असेंच 'इकॉनॉमिक' आणि 'इकॉनॉमिकल'. पहिल्याचा अर्थ अर्थशास्त्राशीं किंवा उत्पन्नाशीं संबंध असलेलें. दुसऱ्याचा अर्थ काटकसरीचें. देशाचें धोरण 'इकॉनॉमिक' असतें. आमच्या आजीबाईंचा स्वयंपाक 'इकॉनॉमिकल' असे. या शब्दाचें मूळ ग्रीक भाषेंतील 'ओइकोस', म्हणजे घर. संस्कृतांतील 'वेश्म' हा त्याचाच नातलग. त्याच्या जोडीचा दुसरा ग्रीक शब्द 'नोमोस', म्हणजे व्यवस्था, कायदा. येथें मात्र संस्कृताभिमानी वाचकांस एक इशारा देणें अवश्य आहे. 'नोमोस' आणि आपला 'नियम' हे ऐकावयास सारखे आणि अर्थानेंही जवळचे; तरी त्यांचें कुळ एक नव्हे. 'नियम' हा 'नि' उपसर्ग आणि 'यम्' धातु यांपासून झालेला. 'नोमोस' चा धातु वांटणीच्या अर्थाचा. जें 'वेश्म' विषयीं खरें तें 'नियम' विषयीं खरें नाहीं. केवळ साम्य पाहून नातें जोडणें आणि केवळ साम्य पाहून अर्थ जोडणें, दोन्ही सारखींच चुकीचीं. या 'इक' आणि 'इकल' यांस सरसकट लागू पडेल असा एकही नियम नाहीं. तेथें शब्द कोणाच्या संगतींत वावरतो तें पाहूनच निवाडा करावा लागतो.

आतां ज्या जुळ्यानें सर्वांत अधिक अनर्थ होऊं शकतो, त्याकडे वळूं : 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट'. येथेंही धातु एक, उपसर्ग दोन. तो लॅटिन धातु आपल्या 'धा' धातूच्या कुळांतला. एका 'धा' पासून विधान, निधान, परिधान, संधान असे भिन्न अर्थ उपसर्ग कसे उत्पन्न करितात. किंवा एका 'हृ' पासून आहार, विहार, प्रहार, संहार कसे होतात, हें संस्कृत शिकलेल्यांस ठाऊक आहे. आहाराच्या जागीं प्रहार वाढून कसें चालेल? तसेंच येथें. 'अफेक्ट' म्हणजे कशावर तरी परिणाम करणें, बाधा पोहोंचविणें. 'इफेक्ट' हें नाम असतां परिणाम. पण तेंच क्रियापद झालें म्हणजे घडवून आणणें, तडीस नेणें.

नर्मदेवरील सरदार सरोवराच्या पाण्यानें आमच्या जिल्ह्यांतील अक्राणी आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांतलीं मिळून ३३ गांवें बाधित झालीं. नर्मदा जलविवाद न्यायाधिकरणाचा निवाडा १९७९ सालचा. त्यानंतर अनेक वर्षें या गांवांच्या पुनर्वसनाचे कागद मराठींत आणि इंग्रजींत लिहिले गेले. अशा एखाद्या कागदावर 'पुनर्वसन इफेक्टेड' असें लिहिलें तर त्याचा अर्थ, पुनर्वसन पार पडलें. 'पुनर्वसन अफेक्टेड' असें लिहिलें तर त्याचा अर्थ, पुनर्वसनास बाधा आली. एक आद्याक्षर बदलतांच ज्याला अजून जमीन मिळावयाची आहे तो कागदावर जमीनदार होतो, आणि ज्याचें काम झालें आहे तो पुन्हां रांगेंत उभा राहतो. वहींत अशी चूक झाली तर मास्तर तांबड्या शाईनें खूण करितात. सरकारी कागदावर झाली तर खूण करावयास कोणी बसलेला असेलच असें नाहीं.

शेवटचें जुळें शब्दांच्या शेपटांत लपलेलें आहे. 'लेसर' आणि 'लेसी', 'मॉर्गेजर' आणि 'मॉर्गेजी'. 'ऑर' हा लॅटिन कर्तृवाचक प्रत्यय. लॅटिन 'दातोर' आणि आपला 'दातृ' हे एकच. म्हणून 'लेसर' म्हणजे भाडेपट्ट्यानें देणारा, 'मॉर्गेजर' म्हणजे आपली जमीन गहाण ठेवणारा. दुसऱ्या टोंकाचा 'ई' हा प्रत्यय मात्र फसवा. 'एम्प्लॉयी' म्हणजे ज्यास कामावर ठेविलें तो. तेथें तें कर्म आहे. त्या नमुन्यावर पुष्कळांस वाटतें कीं 'मॉर्गेजी' म्हणजे गहाणांत अडकलेला बिचारा ऋणको. तसें नाहीं. येथें 'ई' हें कर्म नसून संप्रदान आहे. ज्याला गहाण दिलें तो, म्हणजे सावकार किंवा पतपेढी. कर्ता आणि संप्रदान यांची अदलाबदल झाली, तर देणारा घेणारा होतो.

ज्या भागांत गहाण आणि सावकारी यांनीं किती जमिनी गिळल्या हें सर्वश्रुत आहे, तेथें हा भेद म्हणजे पंडिती करमणूक नव्हे. १९७२ च्या सुमारास शहादा-तळोदा भागांत अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांचे सहकारी यांनीं आदिवासींच्या गेलेल्या जमिनींसाठीं चळवळ उभी केली. पुढें १९७४ चा, अनुसूचित जमातींच्या जमिनी त्यांस परत देण्यासंबंधींचा महाराष्ट्राचा अधिनियम आला. कागद इंग्रजी असो, मराठी असो कीं गुजराती असो, 'देणार' कोण आणि 'घेणार' कोण हें वाचून पाहिल्याशिवाय अंगठा किंवा सही होऊं नये, हा त्या साऱ्या इतिहासाचा धडा आहे. आपण चार बुकें शिकलेलीं घरें आहों. शेजारचा कोणी कागद घेऊन ओसरीवर आला, तर त्याला एवढें वाचून दाखविणें हें आपलें कर्तव्यच होय.

कोणी म्हणतील, हल्लीं संगणक आणि भ्रमणध्वनि चुका दाखवितात, मग एवढा खटाटोप कशाला? पण शब्द कोशांत आहे कीं नाहीं, एवढेंच पाहणारें यंत्र चुकीच्या शब्दाखालीं तांबडी रेघ ओढतें. आमचे हे जुळे शब्द तर दोघेही कोशांतले, दोघेही शुद्ध. अशुद्ध शब्द यंत्रास सांपडेल; भलत्या जागीं बसलेला शुद्ध शब्द सांपडावयास लिहिणाराचें मनच जागें असावें लागतें.

तेव्हां आमचें सांगणें थोडक्यांत असें. सारखे दिसणारे दोन शब्द जोडीनें घोकूं नयेत. जोडीनें घोकलेले शब्द ऐन वेळीं जोडीनेंच आठवतात आणि गोंधळ घालतात. प्रत्येक शब्दास निरनिराळा बोलावून तीन प्रश्न विचारावे : तुझा धातु कोणता? तुझ्या पुढें उपसर्ग आणि मागें प्रत्यय कोणता? आणि तूं कोणाच्या संगतींत वावरतोस? पहिल्या दोहोंचीं उत्तरें चांगल्या कोशांत मिळतात. तिसऱ्याचें उत्तर वाचनानेंच मिळतें. त्या त्या शब्दाचें एक वाक्य आपल्या घरच्या व्यवहारांतलें करून वहींत लिहून ठेवावें. दुसऱ्या शब्दाचें वाक्य दुसऱ्या दिवशीं.

घरांतील मुलांनीं या महिन्यांत पुढील चार जुळीं सोडवून पाहावीं : 'ऑफिशियल' आणि 'ऑफिशस', 'ज्युडिशियल' आणि 'ज्युडिशस', 'ह्यूमन' आणि 'ह्यूमेन', 'कंटिन्युअल' आणि 'कंटिन्युअस'. एवढी सूचना देतों, कीं पहिल्या जोडींतील एक शब्द पदाचा आहे आणि दुसरा पदाची ऐट मिरविणाराचा; आणि तिसऱ्या जोडींतील पहिला आपण जन्मानेंच असतों, दुसरा मात्र व्हावें लागतें. आजोबांनीं उत्तरें आधीं सांगूं नयेत. आजींस मात्र मुलांनीं केलेलीं वाक्यें अवश्य वाचून दाखवावीं. अर्थ बरोबर बसला कीं नाहीं, हें इंग्रजी न येणाऱ्या माणसासही मराठींतून समजावून देतां आलें, तरच तो शब्द आपला झाला असें समजावें. उरलेल्या जोड्यांचा उलगडा पुढील अंकीं करूं.